दुसरा ब्रेक

पदवी हातात पडल्यावर तिसऱ्याच दिवशी धाकटीने गाडी निवडायला घेतली, आणि हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीने करायचं असं ठरवलं. चार वर्षं रसायनशास्त्र शिकून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळवलेल्या मुलीने काय गाडीचा रंग बघून भाळायचं? प्रयोगशाळा शहराबाहेर बावीस किलोमीटरवर होती. गाडी रोज लागणार होती, आणि शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत ती जुनीच येणार होती. तिने संगणकावर तक्ता मांडला. सात गाड्या, नऊ रकाने: पेट्रोल किती पिते, सुटे भाग मिळतात का, डिकी केवढी, खड्ड्यात पोट घासतं का, वगैरे. प्रत्येक रकान्याला गुण.

तक्त्याने बिनबोभाट एक करडी, चार दारांची, पोक्त गाडी पहिली आणली. सातवी, म्हणजे शेवटची, आली ती पिवळी.

पिवळीला दोनच दारं होती. मागच्या सीटवर एक पर्स आणि एक छत्री गुण्यागोविंदाने राहू शकली असती. बसायची जागा इतकी खाली की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याचे गुडघे तेवढे दिसावेत. धाकटीने तक्ता पुन्हा तपासायला घेतला. डिकीला एवढे गुण कशाला? तिला काय भाजीचा धंदा करायचा होता? डिकीचे गुण निम्मे झाले. खड्ड्यांचा रकाना तिने, रस्ते सुधारणारच आहेत या भरवशावर, काढूनच टाकला. एवढं करूनही पिवळी चौथ्यावर अडकली, तेव्हा तिने दहावा रकाना घातला: ‘चालवताना कसं वाटतं’. गुण चाळीस. सातपैकी एकही गाडी तिने अजून चालवलेली नव्हती, पण पिवळीला चाळीसपैकी एकोणचाळीस मिळाले. एक गुण तिने निःपक्षपातीपणा म्हणून कापला.

“आकडेच असं सांगतायत,” तिने जेवताना घरात निकाल जाहीर केला. “माझ्या हातात काही नाही.”

बाबांनी कपाळाला हात लावला. बाबांना सगळं शहर मास्तर म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं आणि अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती, पण त्यांना स्वतःला स्टिअरिंगमागे बसलेलं धाकटीने जन्मात पाहिलं नव्हतं. ते कायम शेजारच्या सीटवर. त्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा: मास्तरांसाठीचं जास्तीचं पेडल, तारेने खऱ्या ब्रेकला जोडलेलं. इकडे यांनी दाबलं की तिकडे गाडी थांबायची. घरच्या कामांनासुद्धा बाबा एखाद्या विद्यार्थ्यालाच गाडी चालवायला लावत. थोरल्या मुलीच्या लग्नाला सगळं घर गाडी शिकणाऱ्या एका शिंप्याच्या भरवशावर पोचलं होतं, आणि वाटेत गाडी चौदा वेळा बंद पडली होती. थोरलीने त्याच दिवशी कानाला खडा लावला. ती अजून बसने फिरते.

आता स्कूल बंद झालं होतं. समोरच नवीन स्कूल आलं, त्यांनी पडद्यावर चालणारी खेळण्यातली गाडी आणली, विद्यार्थी तिकडे गेले. मार्चमध्ये बाबांनी स्कूलची गाडी विकून टाकली. पण सकाळी साडेआठला बूट घालून खुर्चीत बसायची सवय त्यांना सोडवेना.

पिवळीचा मालक एक दंतवैद्य होता. जुळी झाली म्हणून तो गाडी विकत होता, आणि विकताना त्याचा चेहरा स्वतःचीच दाढ काढून घेत असल्यासारखा झाला होता. गाडीची सगळी बिलं त्याने एका फाइलमध्ये तारखेवार लावून ठेवली होती. धाकटी फाइल वाचण्यात गुंग झाल्याचं दाखवत पिवळीच्या दिव्यांकडे बघत होती. बाबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“ही गाडी आहे की चप्पल?”

“स्पोर्टी आहे बाबा.”

“रोज कामावर जायला खेळायची गाडी कशाला लागते?”

दंतवैद्याने मध्ये पडून सांगितलं की तो स्वतः पाच वर्षं हीच गाडी घेऊन रोज दवाखान्यात जात असे. “पाठ दुखते का?” बाबांनी विचारलं. “दुखते,” दंतवैद्य म्हणाला, आणि जरा वेळाने, “पण त्याचं काही वाटत नाही.”

बाबा शेजारच्या सीटवर बसले. बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. मग त्यांचा उजवा पाय खाली काहीतरी चाचपू लागला. तिथे काहीच नव्हतं. पाय बराच वेळ तिथेच घोटाळत राहिला.

“घे,” ते उतरून म्हणाले. “पण दुसरा ब्रेक बसवायचा.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी चालवायचा परवाना तिच्याकडे चार वर्षं होता. पिवळ्याधमक स्पोर्टी गाडीत शिकवणीचं पेडल, म्हणजे नवरीच्या शालूवर शाळेचा बिल्ला. पण पिवळी साठवलेल्या पैशांत बसत नव्हती, अर्धे पैसे बाबा घालणार होते, आणि त्यांचा नियम सगळ्या गावाला पाठ होता: मास्तरांनी एकदाही ब्रेक न दाबता ओळीने दहा फेऱ्या झाल्या की विद्यार्थी सुटला, मग त्याने एकट्याने जावं. मध्ये कुठे मास्तरांचा पाय पडला, की शून्य, आणि पुन्हा एकपासून. फेऱ्या ते एका छोट्या डायरीत मांडत.

“दहा फेऱ्या म्हणजे पाच दिवस,” धाकटीने हिशेब केला. “एका आठवड्यात मी सुटते.”

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि उगाच तोंड घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. “गॅरेजवाल्यांकडे गाडी मी सोडून येते,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून बाबा पिवळीत बसले. प्रयोगशाळेच्या फाटकाशी उतरले, बसने घरी आले, जेवून एक डुलकी काढली आणि दुपारी पुन्हा बस धरून पाचला फाटकाशी हजर झाले. धाकटीच्या विभागातल्या बाईंना वाटलं, हे कोणी पाण्याची तक्रार घेऊन आलेले गृहस्थ. दुसऱ्या आठवड्यात बाबांनी बसचा महिन्याचा पास काढला, त्यावरूनच धाकटीने काय ते ओळखायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात आठव्या फेरीला एक कुत्रं आडवं आलं. दोघांचे पाय एकदमच पडले. गाडी थांबली, कुत्रं गेलं.

“शून्य,” बाबांनी डायरी काढली.

“मी दाबला होता ब्रेक!”

“मीही दाबला.”

दुसऱ्या आठवड्यात नवव्या फेरीला एक रिकामा डबा रस्त्यावरून गडगडत गेला. शून्य. तिसऱ्यात सातव्या फेरीला सिग्नल पिवळा झाला. शून्य. प्रत्येक वेळी धाकटीचा पाय ब्रेकवर असायचाच, पण गाडी कोणाच्या पायाने थांबली याचा पुरावा काय देणार? हळूहळू तिला स्वतःचीच शंका यायला लागली. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती त्या डब्याचा विचार करायची. खरंच आपल्याला उशीर झाला होता का? परीक्षेत कधी नापास न झालेली मुलगी स्वतःच्या गाडीत दर आठवड्याला नापास होत होती. तिला गाडी एकटीने चालवायची होती, आणि त्याहून जास्त, बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की तिला चालवता येते.

बाबांचं मात्र उत्तम चाललं होतं. पाचव्या आठवड्यापासून ते नव्या स्कूलच्या रस्त्याने जाऊ म्हणायला लागले, जरी तो लांब पडायचा. तिथे आलं की खिडकीची काच खाली करून हाताचं कोपर बाहेर ठेवायचे. बसथांब्यावरच्या मंडळींना ‘आमची गाडी’ म्हणून सांगायचे. चप्पल हा शब्द त्यांनी कधी उच्चारलाच नसावा अशा थाटात.

सातव्या शून्यानंतरच्या शनिवारी धाकटी एकटी गॅरेजमध्ये गेली. तेवढ्या अर्ध्या किलोमीटरची तिला एकटीने जायची परवानगी होती.

“काका, हे पेडल काढून टाका. घरी काय व्हायचं ते होऊ दे.”

गॅरेजवाले काका गाडीत वाकले आणि हाताने पेडल दाबून हसले. “काढायचं काय त्यात? चार बोल्ट आहेत. कशाला जोडलेलंच नाही ते.”

“म्हणजे?”

“तार बसवलीच नाही. खाली स्प्रिंग आहे नुसती. तुझ्या आईने सांगितलं होतं. म्हणाली, ह्यांच्या पायाला जागा हवी, ती द्या. पण पोरीची गाडी पोरीलाच थांबवू दे.”

धाकटी तिथल्याच एका टायरवर बसली. सात आठवडे. कुत्रं, डबा, सिग्नल, सगळं तिने एकटीने थांबवलं होतं. तिला आनंद झाला, आणि पाठोपाठ असा राग आला की घरी जाऊन बाबांच्या पुढ्यात डायरी आपटावी. पण ती प्रयोगशाळेत काम करणारी होती. एवढा पुरावा हातात आल्यावर घाई करायची नाही, एक शेवटचं निरीक्षण नोंदवायचं, असं तिने ठरवलं.

“राहू दे काका,” ती म्हणाली.

पुढचा आठवडा तिने रस्त्याबरोबर बाबांच्या बुटावरही नजर ठेवली. एक, दोन, तीन करत फेऱ्या वाढल्या. शुक्रवारी सकाळी, नवव्या फेरीला, फाटकापासून सहा किलोमीटर आधी एक मालट्रक गोदामातून उलटा बाहेर आला. धाकटीने ब्रेक दाबला. पिवळी थांबली, चांगली दोन हात अलीकडे. मग, गाडी पुरती थांबल्यावर, बाबांचा बूट सावकाश उचलला गेला आणि पेडलवर टेकला.

“शून्य,” बाबा म्हणाले.

धाकटीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“बाबा, ते पेडल जोडलेलं नाही.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले.

धाकटी त्यांच्याकडे वळली. “कधीपासून?”

“गॅरेजमधून घरी आणतानाच. अगं, तीस वर्षं माझा पाय त्यावर आहे. जोडलेलं पेडल पायाला उत्तर देतं. हे नुसतंच खाली जातं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणाला? तुझ्या आईला?”

“आणि शून्य कशाचं लिहिता मग? गाडी तर मी थांबवत होते.”

“तूच थांबवत होतीस,” बाबा काचेतून बाहेर बघत म्हणाले. “पहिल्या आठवड्यापासून. इतकी चांगली थांबवतेस की मला सांगायला काही उरलं नाही. त्या डब्याला मी असतो तर मला उशीर झाला असता.”

हेच ऐकायला ती आठ आठवडे जीव टाकत होती. आता ऐकलं, आणि तिने डायरीकडे बोट दाखवलं.

“मग दहा का होऊ देत नाही?”

बाबांनी डायरीचा कोपरा दुमडला.

“पास पुन्हा महिन्याचा काढलाय,” ते म्हणाले. मग त्यांनी डायरी मिटली. “दहा झाल्या की मास्तर उतरतो. उतरून मी जाऊ कुठे? साडेआठला मला कुठेतरी निघायचं असतं गं. आणि गाडी...” त्यांनी पिवळीच्या काळ्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. “गाडी बरी आहे.”

धाकटीला रडू येत होतं आणि हसूही. तिने दार उघडलं, गाडीला वळसा घातला आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

“व्हा तिकडे.”

“मी? त्या सीटवर?”

“परवाना आहे ना तुमच्याकडे?”

बाबा उतरले, पलीकडे गेले आणि स्टिअरिंगमागे बसले. आरसे लावले. सीट एक खाच पुढे घेतली. पट्टा ओढून दोनदा तपासला. धाकटीने मनाशी म्हटलं, आता सहा किलोमीटरला अर्धा तास, आणि उशिराची सही.

मग पिवळी निघाली. आठ आठवड्यांत धाकटीने ऐकला नव्हता असा एक आवाज त्या गाडीच्या पोटात होता, तो बाबांनी तिसऱ्या गिअरला बाहेर काढला. तीस वर्षं दुसऱ्यांना ‘हळू, हळू’ म्हणत आलेल्या माणसाची सगळी साठलेली घाई त्या सरळ रस्त्याला मिळाली. हात अगदी स्थिर, चेहरा नेहमीसारखा मास्तरी, आणि झाडं भराभर मागे. कालव्याजवळचं वळण आलं. बाबा वेग कमी करतील असं वाटलं, आणि त्यांनी केला नाही.

धाकटीचा पाय खाडकन खाली गेला. पेडल तळाला टेकलं. स्प्रिंग कुरकुरली. बाकी काहीच झालं नाही. बाबांनी त्यांच्या हिशेबाने योग्य क्षणी ब्रेक लावला, आणि गाडी वळण घेऊन अलगद सरळ झाली.

“दाबलंस,” बाबा समोर बघत म्हणाले.

“जोडलेलं नाहीये ते.”

“नियम दाबण्याचा आहे. लिही.”

धाकटीने डायरी उघडली. तिच्या फेऱ्यांच्या खाली एक रेघ मारली, रेघेखाली ‘बाबा’ असं लिहिलं आणि त्यापुढे शून्य काढलं. तिचा पाय अजून पेडलवरच होता.

“पाचला फाटकाशी येतो,” बाबा म्हणाले. “पुन्हा एकपासून.”