काटा अडीचवर

गॅरेज दोन साडूंचं होतं. थोरल्यांनी ते सुरू केलं होतं, धाकटा मागाहून येऊन मिळाला होता. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे भांडण झालंच तर ते घरी न्यायची सोय नव्हती. जे काही धुमसायचं ते पाने आणि जॅकच्या मधेच धुमसायचं आणि तिथंच विझायचं. निदान आजवर तरी विझत आलं होतं.

या वेळी गाडी आली ती घरचीच, म्हणजे दोघांच्या मेहुण्याची. मेहुण्याला शर्यतींचा नाद. त्यानं इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती. वाढलेल्या इंजिनाला पेट्रोलही जास्त दाबानं लागतं, म्हणून बाहेरून एक नवा रेग्युलेटर आणला होता, चकचकीत निळ्या रंगाचा. गाडीसोबत आलेल्या मूळ रेग्युलेटरचा दाब कायमचा ठरलेला असतो. याच्या डोक्यावर मात्र एक स्क्रू होता. तो आत पिळला की दाब वाढे, सैल केला की उतरे. दाब तीनवर ठेवायचा, आणि रविवारी शर्यत.

गाडी लावताना मेहुणा हसत हसत म्हणाला होता, मोठ्या भाऊजींनी आता काउंटर सांभाळावा, इंजिनाचं काम छोट्या भाऊजींकडे द्यावं, वयाप्रमाणं माणसानं खुर्चीत बसावं. तो हसला म्हणून सगळे हसले. थोरलेही हसले. पण ते वाक्य त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. जो माणूस इंजिनापासून उठून काउंटरवर बसतो तो परत उठत नाही, हे त्यांनी दुसऱ्यांच्या गॅरेजांत पाहिलं होतं. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की हा रेग्युलेटर मी बसवणार, कुणी मधे यायचं नाही.

धाकटा बरं म्हणाला. फार पटकन बरं म्हणाला, असं थोरल्यांना नंतर आठवलं.

काम त्यांनी चोख केलं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळ्यांतला दाब गेला. बॅटरीची तार सोडली. खाली जाड फडकं धरून जुना रेग्युलेटर काढला, नवा पत्र्यावर कसला. एक नळी इंजेक्टरकडून येणारी, एक टाकीकडे परत जाणारी, बाजूला दाबाचं मीटर, आणि डोक्यावरच्या बारीक तोटीला इंजिनाकडून येणारा व्हॅक्युमचा रबरी पाईप. कुठं थेंबभर गळती नाही. मग इंजिन चालू करून स्क्रू फिरवत फिरवत काटा बरोबर तीनवर आणला, स्क्रू जागेवरून हलू नये म्हणून वरचा चेकनट घट्ट केला आणि हात पुसत घरी गेले. शटर ओढायचं काम धाकट्याचं.

सकाळी येऊन इंजिन चालू करून पाहतात तर काटा अडीचवर.

पहिला संशय मालावर गेला. बाहेरचा माल तो बाहेरचाच, असं पुटपुटत त्यांनी पुन्हा तीनवर आणला. दुसऱ्या सकाळी पुन्हा अडीच. तेव्हा संशय मीटरवर. कपाटातून स्वतःचं जुनं, विश्वासातलं मीटर काढून लावलं. तेही अडीचच म्हणालं. आणि माल बिघडलेला असता तर आकडा रोज वेगळा आला असता. आता माल आणि मीटर दोन्ही सुटले, आणि संशयाला बसायला जागा एकच उरली. ती जागा कोपऱ्यात एका स्कूटरचा क्लच उघडून बसली होती आणि शीळ घालत होती.

दाब कमी म्हणजे पेट्रोल कमी. शर्यतीत पूर्ण जोर लावल्यावर पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं, पिस्टनला भोक पडतं. आणि लोक विचारतात, कुणी बसवला होता? थोरल्यांच्या मनात पाल चुकचुकली ती काही थांबेना. धाकट्याचं हात दोनदा धुणं, डबा खाताना पाठ करून बसणं, ‘दादा, तुम्ही दमला असाल, जा’ हे रोजचं बोलणं, सगळ्याला आता वेगळाच वास यायला लागला.

घरी त्यांनी बायकोला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तुझी बहीण काही बोलली का? बायको म्हणाली, हो, तुमच्या चष्म्याचा नंबर कधी तपासला होता ते विचारत होती.

“तिला काय करायचंय माझ्या चष्म्याशी?”

“काळजीनं विचारते हो ती. तुम्हाला माझ्या माहेरच्यांच्या काळजीतसुद्धा काळंबेरं दिसतं.”

थोरल्यांनी उठून आरशापुढची तिची नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी काटा तीनवर आणल्यावर त्यांनी चेकनटवरून खालपर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटणार. चोर सापडणार.

सकाळी रेघ अख्खी होती, आणि काटा अडीचवर.

खरंच आपले डोळे गेले की काय? मग वाकून, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी नीट पाहिलं. आपण ओढलेली रेघ केसासारखी होती. ही जरा फुगीर होती, आणि टोकाला थोडी डावीकडे वळली होती. रंग मात्र तोच. त्यांना एकाच वेळी हायसंही वाटलं आणि संतापही आला.

कुणाला ताकास तूर लागू न देता त्यांनी काटा पुन्हा तीनवर आणला, रेघ ओढली, आणि दुपारी म्हणाले, मी जरा सामानाच्या दुकानात जाऊन येतो. पुढच्या दारानं गेले, मागच्या दारानं आले आणि पोचे काढायला आलेल्या एका व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवे झाले. गुडघे छातीला टेकले. या वयात स्वतःच्याच गॅरेजात चोरासारखं लपायची वेळ आली, या विचारानं त्यांना लाज वाटली, पण डोकं वर काढून ते बघत राहिले.

फार थांबावं लागलं नाही. धाकट्यानं दारातून रस्त्यावर नजर टाकली. गाडी चालू केली. मग डोक्यावरचा रबरी पाईप उपसला, पाईपच्या तोंडात एक बोल्ट खुपसला, चेकनट सैल केला, काट्याकडे बघत स्क्रू उलटा फिरवला, नट आवळला, पाईप परत बसवला. फडक्यानं सगळं पुसलं. आणि वरच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. त्याच रंगाची. दोघी बहिणी खरेदीला जोडीनं जात.

थोरले व्हॅनमधून उतरले. एक पाय बधिर झाला होता, त्यामुळे ज्या रुबाबात यायचं ठरवलं होतं त्या रुबाबात येता आलं नाही.

“चालू दे,” ते म्हणाले. “रेघ जरा बारीक ओढ. माझी बारीक असते.”

धाकट्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यानं इंजिन बंद केलं नाही, पळवाटही काढली नाही. म्हणाला, दादा, या रेग्युलेटरचा पाईप काढून दाब लावायचा असतो, पाईप ठेवून नाही.

थोरल्यांना हे उत्तर अगदी रचलेलं वाटलं. गाडी चालताना पाईप लावलेलाच असणार ना, मग काढून लावायचा कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न आपल्याला बिनतोड सुचला याचं त्यांना समाधानही वाटलं. धाकटा समजावत राहिला. इंजिन सावकाश फिरत असतं तेव्हा ते या पाईपातून हवा ओढतं, म्हणून काटा खाली बसतो. पूर्ण जोर दिला की ओढ जाते आणि काटा आपोआप वर जातो. तीन लागतात ते तेव्हा. तुमच्या हिशेबानं तेव्हा साडेतीन होतात, धूर काळा येतो, प्लग काजळतात.

“बाजूला हो,” थोरले म्हणाले.

त्यांनी स्वतः पाईप उपसला. काटा अडीचवरून तीनवर गेला आणि तिथं ठरला. पाईपच्या तोंडावर अंगठा ठेवला. पाईपानं अंगठ्याची कातडी आत ओढून धरली, लहान बाळ दूध ओढतं तशी. पाईप बसवला, काटा अडीचवर. मग हातानं झडप उघडून इंजिनाला एकदम जोर दिला. काटा तीनवर उडाला. हे उडणं त्यांनी रोज पाहिलं होतं आणि रोज बाहेरच्या मालाची खोड म्हणून सोडून दिलं होतं. त्यांनी तेच पुन्हा केलं, आणि आणखी एकदा. माणूस खोटं बोलू शकतो. अंगठ्याला काही खोटं सांगता येत नव्हतं.

“मग सांगितलं का नाहीस?”

“मागे ब्रेकच्या तेलात तुमचं चुकलं ते सांगितलं होतं. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. आणि आता मेहुण्याच्या कानावर गेलं असतं, तर तुम्हाला खरंच काउंटरवर बसवलं असतं.”

“आणि तुला वाईट वाटलं असतं?”

धाकट्यानं ब्रश बाटलीत खुपसला. “वाटलं असतं. पण थोडं बरंही वाटलं असतं. खोटं कशाला बोलू?”

हे उत्तर ऐकून थोरल्यांना राग यायला हवा होता. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच या माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला.

संध्याकाळी मेहुणा आला. बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं. काटा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. अडीच का? कुणी लावलंय हे?

“दादांनीच,” धाकटा म्हणाला. “बरोबर आहे ते, पाईप लावलेला आहे म्हणून.”

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक मान हलवण्यापुरती जागा मोकळी करून ठेवली होती. मान हलवली असती तर गाडी गेली असती, काउंटर टळला असता, आणि पुढं प्रत्येक इंजिनावर वाकताना मागं हा उभा आहे का, हे त्यांना वळून बघावं लागलं असतं.

“मी चुकीचा लावत होतो,” ते म्हणाले. “हा माझ्यामागं दुरुस्त करत होता. आता बघ.”

त्यांनी पाना उचलला, चेकनट सैल केला, पाईप काढून बोल्टनं बुजवला. स्क्रू मुद्दाम पूर्ण सैल केला. काटा खाली कोसळला आणि इंजिन अडखळायला लागलं तसा मेहुणा पुढं सरसावला, पण धाकट्यानं त्याच्या दंडाला धरून थांबवलं. मग थोरले हळूहळू स्क्रू आत पिळत गेले. इंजिन सावरलं. काटा तीनवर आला, तिथं राहिला. नट आवळला, पाईप बसवला. अडीच. झडप उघडली, तीन. धूर नाही.

मेहुणा गाडी रस्त्यावरून फिरवून आला. उतरून त्यानं एवढंच विचारलं, की मित्राची अशीच गाडी पुढच्या आठवड्यात आणायची आहे, ती कोण करणार?

“मीच करणार,” थोरले म्हणाले. “हा शेजारी उभा राहील. तोंड उघडं ठेवून.”

मेहुण्यानं छोट्या भाऊजींकडे पाहिलं. थोरल्यांनीही पाहिलं, बारकाईनं, चष्मा सरकवून. धाकटा खाली बघून फडक्यानं बोटं पुसत होता. तो हसत होता की नाही, ते काही त्यांना ठरवता आलं नाही.