याकोबाला चुकवून गेलेला पेला

मी पेला बोलतोय. पेला म्हटल्यावर लगेच ताडीच्या दुकानाकडे बघू नका! मी निपाणीच्या ख्रिस्ती मंडळीचा, प्रभुभोजनाचा पेला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी ज्यातून एकेक घोट द्राक्षारस घ्यायचा तो. पितळेचा आहे, आतून कल्हई, बाहेरून जागोजाग पोचे. बूड एका बाजूला बसल्यामुळे उभाही जरा तिरकाच राहतो. पण अजून गळत नाही, आणि या वयात तेवढं पुष्कळ झालं.

माझा जन्म निपाणीच्या बाजारात, एका तांबटाच्या हातून. या शतकाला तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती. मला विकत घेतलं आण्णाप्पाने. तो तंबाखूच्या वखारीत कामाला होता आणि मंडळीचा वडील होता. वडील म्हणजे पाळकाच्या, पाद्रीसाहेबाच्या, खालोखालचा मान. आण्णाप्पाने पैसे पायरीवर ठेवले, तांबटाने मला पायरीवर ठेवलं, हाताला हात लागला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी नवा होतो.

पुढच्याच रविवारी मला सगळं कळलं. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चटया अंथरून पंगत बसली. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. ही अशी माणसं, की गावात त्यांना कुणी पाणी दिलंच तर वरून ओंजळीत ओतायचं, भांडं लागू द्यायचं नाही. आणि इथे मी एकाच्या ओठाचा दुसऱ्याच्या ओठाला लागत चाललो होतो! एक म्हातारी तर मला सोडीचना. शेवटी आण्णाप्पा म्हणाला, "आजी, सोडा की आता, मागं माणसं हाईत." पंगतीत हसू पसरलं. तो दिवस आठवला की अजून मला बरं वाटतं.

मी राहायचो आण्णाप्पाच्याच घरी, फडताळात, आणि माझी सगळी उठाठेव त्याची बायको अंबुबाई करायची. आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून पिळून रस काढायचा. दारूचा थेंब या घरात चालत नव्हता, मग द्राक्षारस कुठला! चिंच आणि राख लावून ती मला घासायची आणि घासताना माझ्याशी बोलायची. "उजळ बाबा, उजळ. उद्या लई जणांच्या तोंडाला लागायचंय तुला."

पंगतीची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आधी वडील आणि पाळक घरोघरी जाऊन तपासणी करायचे. कोण भांडलं, कोण प्यालं, कोण जत्रेला गेलं. जो त्यात उतरला नाही त्याला आधीच सांगायचं, की बाबा, यंदा भिंतीकडेला बस. पण एकदा माणूस चटईवर बसला की त्याला चुकवायचं नाही. चुकवलं जाणं म्हणजे काय, हे या लोकांना शिकवायला नको होतं.

आण्णाप्पाची श्रद्धा कॅल्विनच्या मताची. कोल्हापूरकडच्या मिशनसाहेबांनी त्याला ती शिकवली. जग करायच्या आधीच देवाने आपली माणसं निवडून ठेवली, माणसाच्या करण्या-सवरण्यावर काही नाही, आणि निवडलेला कधी सुटून जात नाही. हा कॅल्विन कोण, कुठल्या गावचा, हे अंबुबाईला ठाऊक नव्हतं. पण तो तिच्या घरात सासऱ्यासारखा बसून होता. तरी मी आण्णाप्पाला हसणार नाही. ज्याला उभ्या जन्मात कुणी जवळ बोलावलं नाही, त्याला समजलं की देवाने आपल्याला पाटील-कुलकर्ण्यांच्याही आधी निवडलंय. ते ऐकून तो ढसढसा रडला होता म्हणे. मुलगा झाला तेव्हा त्याने हौसेने नाव ठेवलं याकोब, बायबलातल्या, आईच्या पोटात असतानाच देवाने निवडलेल्याचं.

आण्णाप्पाचा धाकटा भाऊ भावकू बेळगावला कॅम्पात कंपाउंडर होता आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जायचा. त्यांचं म्हणणं वेगळं. तारणाचं, म्हणजे मुक्तीचं, दार सगळ्यांना उघडं, आत यायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवायचं. भावकू निपाणीला आला की दोघे भाऊ जेवायला बसायचे, आणि भाकरी राहायची बाजूला.

"अण्णा, तुमचा देव आवतण द्यायच्या आधीच पानं मोजून ठेवतो!"

"आणि तुझा रं? आत आलेला माणूस पुन्हा भाईर पडू शकतो म्हणतोस. म्हंजे तुझा देव हात धरतो, पर घाम आला की सुटतो!"

अंबुबाई म्हणायची, "देवाचं देव बघंल, कालवण निवत चाललंय." मग दोघेही हसायचे. वाद होता, पण गोडीचा होता.

ती गोडी याकोब सतरा वर्षांचा झाला तेव्हा नासली. तो बेळगावला काकाकडे शिकायला होता. पहिल्यांदा माझ्या पंगतीला बसायचं म्हणून मोठ्या आनंदाने घरी आला. पाळकसाहेबांनी त्याची तपासणी केली, शाबासकी दिली. भावकूही बरोबर आला होता. रात्रीच्या जेवणाला नेहमीचा वाद निघाला आणि पोरगं मधे बोललं.

"आप्पा, मला काकाचं पटतंय. बेळगावच्या सभेत म्या उभा राहिलो, येशूला हो म्हटलं. देव माझ्या हो म्हणण्याची वाट बघत हुता."

"देव तुझी वाट बघत बसलता?" आण्णाप्पाचा घास हातातच राहिला. "कोण रं तू? तारण तू मिळवलंस व्हय?"

आण्णाप्पा पानावरून उठला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत होते, मी आण्णाप्पाच्या हातात होतो. याकोबाच्या शेजाऱ्याने घोट घेतला. याकोबाने दोन्ही हात पुढे केले. त्याच्या बोटांची ऊब मला लागली, एवढा मी जवळ होतो. आणि आण्णाप्पाने मला उचललं आणि त्याच्या पुढच्या माणसाला दिलं.

काय करणार होतो मी? पेल्याला पाय असते तर! याकोबाचे हात तसेच थोडा वेळ राहिले. मग त्याने ते मांडीवर ठेवले, उठला आणि बाहेर गेला. बायांच्या पंगतीत मी अंबुबाईपाशी आलो तेव्हा ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पुढं न्या."

त्या दिवसापासून ती माझ्यातून प्याली नाही. मनुका भिजवायची, रस गाळायची, मला घासून लख्ख करायची, काठोकाठ भरायची, आणि जाऊन भिंतीकडेला बसायची. बाया समजूत घालायच्या. ती म्हणायची, "माझं पोरगं जितनं उपाशी उठलं, तितं माझ्या घशाखाली उतरत न्हाय." हात तिचे दर खेपेला लागायचे, पण माझा जीव तिच्या एका घोटासाठी तळमळायचा. शंभर जण प्याले तरी ती भिंतीकडेची एक जागा मला दिसायची.

याकोब बेळगावला परत गेला, पण तिथल्या चर्चमध्येही पाऊल टाकीना. भावकूने येऊन सांगितलं, "म्हणतोय, आप्पांनी मला चुकवलं, म्हंजे त्यास्नी काय तरी कळलं असंल. म्या निवडीतला नसंनच." आण्णाप्पाने ऐकलं आणि वखारीला निघून गेला. जाऊन पोराला जवळ घ्यायला काय लागत होतं? बेळगाव काय विलायतेला आहे? पण ताठा वाईट, आणि देवाच्या नावाचा ताठा तर फारच वाईट.

मग महायुद्धाची भरती निघाली. याकोब मजूर पलटणीत नाव घालून बसऱ्याला गेला आणि तापाने तिकडेच वारला.

लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला भरमा नावाचा गडी घर शोधत आला. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा शेतकरी, हिंदू, बिचारा सरळ माणूस. मी फडताळात होतो, मला सगळं ऐकू येत होतं. भावकूही त्या दिवशी आला होता.

"लई गुणी हुता," भरमा म्हणाला. "तापात एकच इचारायचा, आप्पास्नी खरंच म्हाईत असंल का रं? मला काय कळंना, कशाचं. मी म्हटलं, बापाला समदं म्हाईत असतंय. मग गप पडला." त्याने सगळ्यांची तोंडं बघितली. "चुकलं का माझं काय?"

"न्हाय रं बाळा," अंबुबाई म्हणाली. "तू च्या घे."

भरमा गेला आणि मग दोघा भावांनी जे केलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ते वाद घालू लागले! भावकू म्हणाला, पोराने सभेत हो म्हटलं होतं, तो तरला. आण्णाप्पा म्हणाला, मग चर्च का सोडलं? निवडलेला सोडत नाही. भावकू अडखळला, कारण त्याच्या मताप्रमाणेही आत आलेला माणूस बाहेर पडू शकत होता. दोघेही रडत होते आणि बोलत होते. दुःख झालं की काही माणसं भिंतीला टेकतात, हे दोघे आपापल्या शास्त्राला टेकले होते.

अंबुबाई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "तुमी दोघं मिळून माझ्या पोराला कुटं पोचवताय?"

पुन्हा त्या घरात तारणावर वाद झाला नाही. भावकू यायचा, जेवायचा, पाऊसपाण्याचं बोलून जायचा. पुढे त्याचं येणं कमीच झालं.

वर्षं गेली. आण्णाप्पाचं वखारीतलं काम सुटलं, खोकला लागला, हात कापू लागला. तरी मला न्यायचा मान मंडळीने त्याच्याकडेच ठेवला होता. एका ईस्टरला पंगत फिरून झाली आणि माझ्या तळाशी थोडा रस उरला. आण्णाप्पा मला मेजावर ठेवायला निघाला आणि मधेच वळला. भिंतीकडेला, अंबुबाईजवळ, गुडघे धरत खाली बसला. तिच्या दुसऱ्या बाजूची चटई मोकळी होती.

"अंबू," तो म्हणाला, "निवडायचं काम त्याचं. माझं काम नुसतं पेला न्यायचं. त्या दिशी म्या त्याचं काम करायला गेलो."

"हे त्याला सांगाय पायजे हुतं."

"व्हय."

"तुमचं खरं मानून गेलं पोरगं."

"व्हय गं." त्याला खोकल्याची उबळ आली, मी हिंदकळलो. "म्या हात आखडला म्हणून देवानंबी आखडला असंल, असं न्हाय. त्यानं धरला असंल तर सुटायचा न्हाय."

"असंल तर," अंबुबाई म्हणाली. "ठाव न्हाय तुमास्नी."

"न्हाय ठाव," आण्णाप्पा म्हणाला. "मला कायच ठाव न्हाय. तवाबी नव्हतं."

अंबुबाईने त्याच्याकडे बघितलं. वीस वर्षं ही बाई एवढंच ऐकायला थांबली होती. आपल्या नवऱ्याला काही ठाऊक नव्हतं, हे त्याने आपल्या तोंडाने म्हणावं, एवढंच. निवड खरी की मोकळं दार खरं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

तिने त्याच्या हातातून मला घेतलं. आता ती पिणार म्हणून मी आसुसलो. पण ती प्याली नाही. तिने मला दुसऱ्या बाजूला, मोकळ्या चटईवर धरलं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. एका माणसाला घोट घ्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ धरलं. पाळकसाहेब बघत होते, सगळी मंडळी बघत होती. आण्णाप्पाने मान खाली घातली.

मग ती प्याली. आणि उरलेला घोट तिने त्याला दिला.

आता दोघेही नाहीत. त्यांना जाऊन सात-आठ वर्षं झाली. परवा देश स्वतंत्र झाला, देवळावर झेंडा लागला, पोरांना साखर वाटली. मंडळीत आता काचेच्या इवल्या इवल्या वाट्या आल्यात, ज्याची त्याला वेगळी. डॉक्टर म्हणतात त्यात रोगराई नाही, खरं असेल. मला धुऊन देवळातल्या फडताळात ठेवलंय, कुणी काढत नाही.

फडताळाच्या फटीतून मला तरण्या पोरांचे आवाज ऐकू येतात. तारण कुणाचं, निवड कशी, दार कुणाला उघडं. घाला बाबांनो, वाद घाला. तुमचे आजे-पणजेही घालत होते, त्यात काही वाईट नाही. पण हातात पेला असताना घालू नका. पंगतीला बसलेल्याने हात पुढे केले की पेला द्या आणि पुढे जा. कोण आतला, कोण बाहेरचा, ते घरधनी बघून घेईल.

नव्या वाट्यांचा मला राग नाही, शंभरांच्या तोंडाला लागून माझं पोट भरलंय. पण एका पोराची बोटं मला लागली होती, ओठ लागायचे राहिले. माझी तहान तेवढीच.