अभिनंदनाचा बॅनर

नेत्राने वकिलाचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, तसा केसरीनाथने पंखाच बंद केला. पुतणीच्या तोंडचं एक अक्षरही निसटायला नको होतं. त्याचा कल्पेश नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथे डांबला गेला. मारहाण करून त्याच्याकडून लोकांना गंडवायचे फोन करून घेत. धाड पडली, तेव्हा पोलिसांनी झाडून सगळ्यांना उचललं.

"काका, सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा केलाय त्यांनी. ज्यांना जबरदस्तीनं बसवलं, ते घरी. ज्यांनी मुकादमी केली, त्यांना दहा वर्षं."

"मंग आपला पोऱ्या सुटला! फोनवर रडायचा त्यो. मुकादमी कसली करतंय?"

एवढासा देश, पण अक्कल आहे, असं केसरीनाथला वाटलं. आपल्याकडे कायद्यांचा ढीग, आणि पोरांना पाठवणारा एजंट अजून इथे कोन गावच्या नाक्यावर चहा पितोय.

नेत्रा थांबली होती.

"वाच ना गो."

"तिथल्या पोलिसांनी पुरावा जोडलाय. कल्पेशच्याच फोनमधला."

तिने मोबाइल पुढे केला. कोनचा नाका. त्यावर भलामोठा बॅनर, गॉगल लावलेला कल्पेश, आणि खाली ठळक अक्षरांत: 'परदेशी कंपनीत टीम लीडरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त परिवार.'

कल्पेशची आई सुवर्णा पदराला हात पुसत बाहेर आली.

"टीम लीडर? त्यो तर कॉम्प्युटरवर नावं भरायची बोललेला. कोनी लिवलं?"

केसरीनाथला बॅनरचं दुकान आठवलं. बॅनरवाल्याने विचारलं होतं, पद काय टाकू? त्याच आठवड्यात शेजारच्या चांगदेवच्या मितेशचा 'मॅनेजर' म्हणून बॅनर झळकला होता. आपल्या बॅनरचा फोटो काढून कल्पेशला पाठवलाही होता केसरीनाथनेच, मोठ्या हौसेने. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

"मी," तो म्हणाला. "मी लिवलं. खोटं लिवलं. तसं कागदावर लिवून देतो, अंगठा मारतो, सही करतो. सगल्या गावासमोर बोलतो पायजे तर."

नेत्राने पत्राचं शेवटचं पान उलटलं.

"वकिलाला मी कालच विचारलं, काका. घरच्यांनी लिहून दिलेलं धरायचं नाही, असं त्या कायद्यातच आहे. घरचे पोराला वाचवायला काहीही लिहितात म्हणे."

सुवर्णा मोबाइलवरच्या 'समस्त परिवार' या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून उभी होती.

"मंग ह्ये कोनी लिवलेलं धरलं?"