मावशीची साक्ष

मला दिवस गेले होते आणि नवऱ्याखेरीज कुणालाच ते ठाऊक नव्हतं. अशात पॅसिफिकमधल्या आमच्या किरिबाटी देशाच्या सरकारनं तेकारा मावशीला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत न्यायचं ठरवलं. अण्वस्त्रबंदीच्या कराराच्या बाजूनं आमचा देश बोलणार होता, आणि किरितिमाती बेटावर इंग्रज-अमेरिकनांचे अणुबॉम्ब फुटताना पाहिलेलं माणूस त्यांना हवं होतं. मावशीला इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषी मी.

"विमानात भूत बसलंय का गं? किती थरथरतेस!" मावशी हसली.

मला भीती विमानाची नव्हती, ती काय बोलेल त्याची होती. स्फोटांच्या वेळी ती आणि माझी आई, दोघी पोरी, एकाच ताडपत्रीखाली होत्या. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. मावशीला मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत.

सभागृहात बॉम्बवाल्या देशांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मावशी सांगत गेली, मी इंग्रजीत म्हणत गेले. डोळे मिटूनही दिसलेला उजेड, मेलेले पक्षी, मग तिचं लग्न. आणि मग ती म्हणाली, "पहिलं बाळ झालं. त्याला तोंडच नव्हतं."

ते इंग्रजीत म्हणायच्या आधीच माझा हात आपोआप पोटावर गेला. मावशीनं पाहिलं आणि माइकवर तळवा ठेवला.

"कधीपासून?"

"चौथा लागलाय."

"अगं बाई! आधी बोलली असतीस तर तुला आणलंच नसतं."

"अजून काय आहे पुढे?"

"आणखी दोन बाळं."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच पुरली तिन्ही. तू जा बाहेर. आपले सरकारी साहेब दुसऱ्या कुणाला तरी बसवतील."

मला खरंच पळावंसं वाटलं. पण मावशीनं दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिला तिथं एकटं कसं सोडू? मी म्हटलं, "बोल तू." तिन्ही बाळांचं मी सांगितलं, आवाज कुणा तिऱ्हाइताचा वाटत होता.

करार झाला, आमच्या देशानं सहीही केली. डिसेंबरात मला मुलगा झाला, धडधाकट. तरी त्याचं अंग जरा तापलं की मी आधी मावशीला बोलावते, डॉक्टरला मागाहून. ती लगबगीनं येते, आणि ताप उतरेपर्यंत आम्ही दोघी त्याच्या उशाशी बसून राहतो.