रस्त्यावर राहिलेले दगड

गेवराईच्या पुढं हायवेवर आमची गाडी बंद पडली. आमचे हे, सोमेश्वर, बॉनेट उघडून उभे राहिले. यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. मेंढ्या चारणाऱ्या सटवामामांनीच आम्हाला रस्त्यापासून लांब बसवलं, गाडीमागं मोठाले दगड मांडले आणि त्यावर बाभळीची फांदी टाकली.

"मागून येनाऱ्याला कळाया पायजे," ते म्हणाले. "पन जाताना उचला बरं का, ताई. लोकं तसंच सोडून जात्यात."

"एवढं कळतंय आमाला," मी म्हणाले. कुणी शिकवलेलं मला खपत नाही.

गेवराईला माझा धाकटा भाऊ रामप्रसाद राहतो. त्याला फोन केला, तो मोटारसायकलवर लगेच निघाला. तेवढ्यात यांनी कुठलीतरी वायर हलवली आणि गाडी सुरू झाली. परत बंद पडेल या भीतीनं मी धावत जाऊन बसले. सटवामामा केव्हाच मेंढ्या घेऊन गेले होते.

चारेक किलोमीटर पुढं गेल्यावर 'येऊ नको' सांगायला रामप्रसादला फोन लावला आणि दगड आठवले. दिवस नुकताच मावळला होता. फोन नुसता वाजत राहिला. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, ही शपथ मीच त्याला गेल्या राखीला घातली होती. सहा वेळा लावला. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"गाडी वळवा."

"कुठून वळवू? मधी दुभाजक हाय."

पुढचा कट येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परत आलो ते पलीकडच्या बाजूनं. दगड तिथंच होते. फांदी मात्र कुठल्यातरी ट्रकनं उडवली होती. मी उतरून दुभाजकावर चढले, पण ट्रकमागून ट्रक चालले होते, पाऊल टाकायची सोय नव्हती. सगळे ऐन वेळी दगड चुकवत होते.

मग त्यांच्यामागं पिवळं हेल्मेट दिसलं. मीच घेऊन दिलेलं.

मी ओरडले, दोन्ही हात हलवले, पदर हलवला. आवाज पोचणार नाही हे कळत होतं, तरी ओरडत राहिले.

रामप्रसादनं मला ओळखलं. एक हात वर केला, आणि माझ्याकडंच बघत आला.