बाज्यावरचं बोलणं

बबिताची एक खोड रामीबाईला अजिबात खपत नव्हती. सून एकटीच बोलायची. भाकरी थापताना बोलायची, गोठ्यात शेण काढताना बोलायची, तुरीच्या काड्या मोडून चुलीत सारताना बोलायची. समोर माणूस नाही, कानाला फोन नाही, आणि तोंड आपलं चालूच. कुणी जवळ गेलं की गप्प. परात पालथी पडलेली दिसली, की तिच्यावर बोटांनी टकटक करायची ते वेगळंच.

बोलायचं तर माणसाच्या तोंडावर बोलावं, असं रामीबाईचं म्हणणं. बोरी अरबच्या बाजूच्या त्या तांड्यात तिच्या तोंडाची ख्याती होती, आणि ती काही फुकट मिळालेली नव्हती. होळीला तांड्यात लेंगी व्हायची. नंगारा घुमायला लागला की बाया एकीकडे, गडी एकीकडे, आणि गाण्यातून एकमेकांची उणीदुणी निघायची. कुणी कुणाची कोंबडी लांबवली, कुणाची बायको माहेरी जाऊन बसली, सगळं चारचौघांत. त्याचा राग धरायचा नाही, पण जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही त्याला पुढची होळी येईस्तोवर लोक चिडवायचे. रामीबाईला जवाब सुचला नाही असं कधी घडलं नव्हतं. ती उभी राहिली की समोरचे गडी आधी पाणी पिऊन घ्यायचे.

आता नवरा धनसिंग भिंतीवर फोटोत होता, आणि पोरं होळीला दारव्ह्याहून डीजे आणत होती. त्या दणदणाटात कोण कुणाला काय म्हणणार? ओठ हललेले दिसतात, तेवढंच.

एका दुपारी रामीबाई शेतातून परतली तर ओसरीवर बबिताचा फोन वाजत पडलेला. ढोलक चाललं होतं, मागे बासरीसारखं काहीतरी होतं. ती खाटेवर टेकली, पदरानं मान पुसली, पण गाणारा काही येईना. नुसतंच वाजतंय. (घरात यांची गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोलीच चालते. सगळ्यांना कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहिलं आहे; 'याडी' म्हणजे आई, तेवढा शब्द तसाच ठेवला आहे.)

"फोन बिघडला काय वो तुहा? गानारा कुठी गेला?"

बबिता आतून धावत आली. "गाना नाही हे, याडी. नुसता बाजा हाय. याच्यावर बोला लागते."

"बोला लागते म्हंजे?"

"गायचं नाही. आपन बोलतो तसंच बोलाचं, पन बाज्याच्या चालीनं. आमचा बचत गट चालवते थ्या शीलाताईनं बैठकीत दाखवलं मोबाइलवर. एक पोरगी उभी राह्यते, मागं बाजा वाजते, अन् थे आपल्या मनातलं बोलते. लोक तिकीट काढून आयकाले येतात."

"बोलाले बाजा कायले पाह्यजे? मी जलमभर बिनबाज्याचीच बोलून राह्यली."

"थे तं सारा तांडा आयकते, याडी," बबिता बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

रामीबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग कळलं ते असं, की दारव्ह्यात महिला दिनाचा कार्यक्रम आहे, आजूबाजूच्या गटांतल्या बाया येणार आहेत, आणि बबितानं तिथं बोलायला नाव दिलंय.

"काय बोलशीन तिथं?"

"असंच. घरचं."

"घरचं!" रामीबाई म्हणाली. आणखी काही बोलणार तेवढ्यात बबिता चहा ठेवायला पळाली.

'घरचं' म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी नळावर कळलं. शेजारची पुष्पा हंडा भरता भरता हसत होती.

"काकी, तुह्यावरच हाय न थे सारं. बबितानं आमाले सुरवातीचं म्हनून दाखवलं. हसून हसून पोट दुखलं आमचं. शेवट मात्र सांगत नाही, दारव्ह्यातच म्हनीन म्हनते."

"माह्यावर?"

"मंग! दुसरं हायच काय तिच्याजवळ बोलाले?"

रामीबाई हंडा अर्धाच घेऊन घरी आली. लखनला, म्हणजे पोराला, सगळं सांगितलं. लखन फोनमध्ये क्रिकेट पाहत होता.

"तू नको म्हन, याडी. थे जानार नाही. विषय संपला."

एवढं सोपं होतं. एक शब्द टाकला असता तर बबिता घरी बसली असती. पण तो शब्द टाकायचा म्हणजे रामीबाई भ्याली, असा अर्थ झाला असता. पुष्पानं तो हंड्याबरोबर घरोघरी पोचवला असता. दारव्ह्याच्या अनोळखी बायांसमोर सून आपले वाभाडे काढणार आणि आपण घरी तुरी पाखडत बसणार, हेही तिच्यानं होणार नव्हतं. कुणी आपल्याला चारचौघांत बोललं आणि जवाब न घेता गेलं, असं आजवर झालं नव्हतं. आता या वयात सुनेकडून तेवढं व्हायचं राहिलं होतं.

तिनं काही म्हटलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी बबिता गटाच्या बायांबरोबर सकाळी गेली. मागून रामीबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, चांदीची कडी घातली आणि काळीपिवळीत पुढच्या सीटवर बसून निघाली. ड्रायव्हर मागे सरकायला सांगणार होता, पण तिचं तोंड पाहून गिअर टाकला.

सभागृहात ती थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. ती खुर्ची कुणा पाहुणीसाठी होती म्हणे. सांगायला आलेली मुलगी सांगून परत गेली.

आधी एक चष्मेवाली कॉलेजची पोरगी आली. मागं गिटार वाजत होती आणि ती डोळे मिटून, थांबत थांबत, चंद्र आणि खिडकी असं काहीतरी म्हणत होती. रामीबाईनं शेजारच्या बाईला विचारलं, "आजारी हाय काय हे?" शेजारची बाई म्हणजे स्वतः शीलाताईच होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, तशीच पद्धत असते."

मग बबिताचं नाव पुकारलं. बबिता आली, माईक धरला, स्पीकरवर फोनमधलं ढोलक सुरू झालं. सुनेची नजर लांब, मागच्या भिंतीवर होती.

"सकाळी कोंबडा उठते,
त्याच्याआंधी माही सासू उठते.
कोंबडा एकदा बोंबलते अन् चूप बसते.
सासू माही कोंबड्याकडून काही शिकली नाही."

सभागृह खदखदलं. रामीबाईच्या डोक्यात जवाब ताबडतोब तयार झाला. कोंबडा चूप बसते, कारन त्याले सून नाही! तिनं तोंड उघडलंही. पण बाजा पुढे निघून गेला. नंगारेवाला असता तर त्यानं तिच्याकडे पाहिलं असतं, हात आवरला असता, तिला जागा करून दिली असती. हा बाजा कुणाकडे पाहत नव्हता.

"भाकर जाड झाली तं म्हनते,
तुह्या बापाची विटाभट्टी व्हती काय?
भाकर पातळ झाली तं म्हनते,
यातून मले पल्याडचा तांडा दिसून राह्यला."

बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आणि रामीबाईच्या लक्षात आलं, की विटाभट्टी तिचीच आहे, तांडाही तिचाच. शब्द न् शब्द तिचा. सुनेनं फक्त बाजा जोडला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "काय सासू हाय वो!" त्यात थोडं भ्या होतं आणि थोडं कौतुक. रामीबाईनं पाठ ताठ केली.

तेवढ्यात बबिताची नजर खाली आली. पहिल्या रांगेतली चांदीची कडी तिनं ओळखली.

बबिताचं तोंड उघडं राहिलं. ढोलक वाजत राहिलं, बोल येईना. लेंगीत रामीबाईनं असे कितीतरी गडी अडखळताना पाहिले होते; माणूस भ्याला की कसा दिसतो, ते तिला सांगावं लागत नव्हतं. मग बबिता भलत्याच, मऊ आवाजात बोलली,

"पन मले ताप आला तं उशाशी बसते,
डोक्यावरून हात फिरवते,
सासू नाही वो थे, मायच हाय माही."

टाळ्या. दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. बबिता कुणाकडे पाहतेय ते ओळखून शीलाताईंनी रामीबाईचा हात हातात घेतला. "तुम्हीच का त्या? नशीबवान आहे हो तुमची सून."

रामीबाईनं हात सोडवून घेतला. एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

बसस्टँडपाशी रसवंती होती. तिथल्या बाकावर सासू-सून बसल्या. उसाचा रस आला. बबिता ग्लासाकडे बघत होती.

"मी तुह्या उशाशी कवा बसली वो?" रामीबाईनं विचारलं.

"नाही बसल्या."

"डोक्यावरून हात?"

"नाही, याडी."

"ताप आला तवा काय म्हनलं मी?"

"गोळी खाय अन् ऊठ, म्हनलं."

"मंग? साऱ्या दारव्ह्यात खोटी माया लावून देली मले. त्या बाईनं हात धरला माहा! खरा शेवट काय व्हता?"

"जाऊ द्या न."

"म्हन. आता बाजा बी नाही अन् बाया बी नाही."

घुंगराचा चरक खुळखुळत होता. बबितानं मान वर केली नाही, पण बोटं बाकावर आपोआप वाजू लागली.

"सासरा फोटोत, पोरगा फोनात, तांडा डीजेत.
शंभर मानसाले पुरन एवढं तोंड देवानं सासूले देलं,
अन् जवाब द्याले कोनी ठेवलं नाही.
म्हनून सारं माह्यावर येते.
मले बी जवाब येतात, पन मी भेतो.
ज्या दिवशी मी जवाब देईन,
त्या दिवशी सासूले झोप लागन."

रामीबाईनं रसाचा ग्लास ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. जवाब शोधला. कोंबड्याचा आला होता तसा आत्ता येईल, म्हणून वाट पाहिली. बोरीची बस लागली, कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या, बाया चढल्या. जवाब आला नाही.

बबिता घाबरून उठली. "चला, याडी. बस जाते."

"जाऊ दे थे बस," रामीबाई म्हणाली. "खाली बस अन् आयक. कोंबडा चांगला हाय, भाकर चांगली हाय, हे शेवटचं सगळ्यात चांगलं हाय, अन् थेच तू गिळलं. बोलता तं येते तुले, मी नाही म्हनत नाही. पन मी समोर दिसली अन् तू साखर वाटाले बसली, ह्यात तुही बी इज्जत गेली अन् माही बी. आता रस पे, अन् घरी पोचल्यावर भाकर जाड झाली का पातळ झाली, मी तोंड उघडलं का जवाब दे. भेऊन चूप राह्यली तं याद राख."