गंजीवरचा गोटा

मोताळ्याकडच्या शिवारात एक रीत आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली, की वेचणाऱ्या बाईने सरपणाला लागेल तेवढी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटावी, बांधावर गंजी रचावी आणि वर एक गोटा ठेवावा. गोटा दिसला की त्या गंजीची काडीही कुणी ओढत नाही. अर्जुनरावांच्या बांधावर वर्षानुवर्षं त्यांचा कापूस वेचणाऱ्या सोजराबाईची गंजी असायची. तिची पावसाळ्यातली चूल त्यावरच पेटायची. उरलेली पऱ्हाटी अर्जुनराव शेतातच जाळून टाकत.

यंदा पऱ्हाटीचा भुसा करणारं यंत्र आलं. भुसा दाबून त्याच्या कांड्या करायच्या आणि कारखान्यात दगडी कोळशाच्या जागी जाळायच्या. गावभर धूर करण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं अर्जुनराव पारावर सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. यंत्र पहिल्यांदा आलं तेही त्यांच्याच शेतात.

सगळं शेत झालं, तरी ट्रॉली भरेना.

"अर्धी गाडी नेनं पुरत नाई काका," यंत्रवाला म्हणाला. "असंच असंल त या गावात पुन्हा येनं जमनार नाई. ते बांधावरचं टाकू काय?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पारावर केलेल्या बढाया अर्जुनरावांना आठवल्या. तोंडघशी पडायची त्यांना भारी लाज. पात्यात जाऊ नये म्हणून गंजीवरचा गोटा त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलला. फेकून द्यायला मात्र जीव होईना. बोरीखाली नेऊन तो हळूच ठेवला. गंजी बघता बघता भुसा झाली, आणि ते मान फिरवून उभे राहिले.

 सकाळी आपणच जाऊन सांगू, असं त्यांनी रात्री ठरवलं. पण सकाळी सोजराबाईच बांधावर येऊन उभी.

"भाऊ, माही गंजी कुठी गेली?"

"बाहेरचे लोकं होते, बाई. त्यायले काय ठाऊक गोट्याचं? मी घरी गेल्तो." शब्द तोंडातून गेले आणि अर्जुनरावांना स्वतःचीच शिसारी आली.

"हाव, बाहेरच्यायले काय माहीत," ती म्हणाली. "तुमी असते त हात लावू देला नसता."

यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वळता वळता तिची नजर बोरीखाली गेली. तिथे जाऊन ती वाकली. गोट्याला चिकटलेली माती तिने पदराने पुसली.

"बाहेरच्यानं हा फेकून देला असता, भाऊ," ती म्हणाली. "असा जपून कोन ठेवते?"

 तिने गोटा त्यांच्या हातात दिला.

"राहू द्या तुमच्यापाशीच. मले आता याचं काय काम?"

ती पायवाटेने निघून गेली. हातातला गोटा खाली कुठे ठेवावा, हे अर्जुनरावांना कळेना.